टेंभुर्णीची तूर आणि मोझांबिकसाठी पसायदान

हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, दहीहंडी फुटते आणि महाप्रसादाच्या पंगती बसण्यापूर्वी मंडपातील लहानथोर हात जोडून पसायदान म्हणतात. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीत काय किंवा मराठवाड्यातील अन्य कोणत्याही गावात काय, हा परिपाठ वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती १२९० मध्ये, आणि तिच्या शेवटी ज्ञानदेवांनी जे मागणे मागितले त्याला गावाची, जातीची वा राज्याची वेस नाही. ते साऱ्या विश्वासाठी आहे. मात्र साऱ्या विश्वासाठी मागणे सोपे असते. त्यात कोणा एकाचे नाव घ्यावे लागत नाही, आणि नाव घेतले नाही म्हणजे त्याची चौकशी करण्याचीही गरज पडत नाही.

समजा, एखाद्या वर्षी त्या मंडपात कोणी कीर्तनकाराने सांगितले की, आजचे पसायदान आपण मोझांबिकच्या लोकांसाठी म्हणू या. हा देश नेमका कोठे आहे, हे अनेकांना सांगता यावयाचे नाही. परंतु ज्यांच्या घरात तुरीची पोती पडून आहेत आणि जे रोज सकाळी मोबाइलवर जालना, लातूर, अकोला येथील भाव पाहतात, त्यांच्या कानांना हे नाव अपरिचित नाही. आफ्रिकेची तूर आली आणि भाव पडला, असे आडतीवर सर्रास बोलले जाते. त्यातील आफ्रिका म्हणजे मुख्यत्वे मोझांबिक, टांझानिया आणि मलावी. तेव्हा ज्याच्या मालामुळे आपला माल मातीमोल होतो त्याच्यासाठी हात जोडावयाचे काय, असा प्रश्न मंडपातील एखादा शेतकरी विचारील. हा प्रश्न संकुचितपणाचा आहे असे म्हणून तो बाजूस सारता येणार नाही. त्याचे उत्तर द्यावयाचे तर आधी त्या देशाचे काय चालले आहे, हे पाहावयास हवे.

देशाचे नाव घेऊन प्रार्थना करण्याची पद्धत आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या ख्रिस्ती स्त्रिया दर वर्षी एका देशातील स्त्रियांनी रचलेली प्रार्थना म्हणतात आणि त्या निमित्ताने त्या देशाची माहिती करून घेतात. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसविले, तेव्हापासून या परिसराला ख्रिस्ती उपासनेची ओळख आहे. ज्याच्यासाठी मागावयाचे त्याच्याविषयी आधी जाणून घ्यावयाचे, ही त्या पद्धतीतील गोष्ट उचलण्यासारखी आहे.

मोझांबिक हा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सुमारे साडेतीन कोटी वस्तीचा देश. पोर्तुगिजांचे राज्य संपून २५ जून १९७५ रोजी तो स्वतंत्र झाला आणि तेव्हापासून तेथे फ्रेलिमो या एकाच पक्षाची सत्ता आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे निवडणूक झाली. मतमोजणीत लबाडी झाल्याचा आरोप करून वेनान्सिओ मोंडलाने या विरोधी उमेदवाराने निकाल अमान्य केला. १९ ऑक्टोबरला, निकाल जाहीर होण्यापूर्वीच, राजधानी मापुटोच्या रस्त्यावर त्याच्या वकिलाला आणि एका सहकाऱ्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. पुढे अडीच-तीन महिने देश पेटलेला होता. दक्षिण आफ्रिकेकडे जाणारी सरहद्द बंद पडली, बंदरांची कामे अडली, दुकाने लुटली गेली. नागरी संघटनांच्या मोजणीप्रमाणे तीनशेहून अधिक माणसे मेली. १५ डिसेंबरला ‘चिडो’ हे चक्रीवादळ उत्तरेकडील काबो डेल्गाडो प्रांतावर आदळले. तेथे २०१७ पासून सशस्त्र बंडखोरी चालू होतीच. २३ डिसेंबरला घटना परिषदेने सत्तारूढ पक्षाच्या डॅनियल शापो यांना ६५ टक्के मते मिळाल्याचा निर्वाळा दिला आणि नाताळच्या दिवशी राजधानीच्या तुरुंगातून दीड हजारांहून अधिक कैदी पळाले. शापो यांचा शपथविधी १५ जानेवारी २०२५ रोजी झाला. मार्च २०२५ मध्ये उभयता भेटले आणि हिंसा थांबविण्यावर त्यांचे एकमत झाले.

मोंडलाने स्वतः ख्रिस्ती धर्मोपदेशक आहे. परदेशातील अज्ञातवासातून तो ९ जानेवारी २०२५ रोजी मापुटोच्या विमानतळावर उतरला, तो हाती बायबल घेऊन गुडघे टेकूनच. त्याच्या हाकेनुसार राजधानीतील लोक रात्री खिडक्यांत आणि अंगणांत येऊन रिकामी भांडी बडवीत. महाराष्ट्राला हा आवाज ऐकलेला आहे. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तेव्हा मुंबईतील सरकार ओशाळले होते. मापुटोतील सरकारने अश्रुधूर आणि गोळ्या यांनी उत्तर दिले.

केवळ एका निवडणुकीच्या निकालाने इतका क्षोभ होत नाही. त्याच्या मागे पैशाची एक कथा आहे, आणि अर्थव्यवहाराच्या विद्यार्थ्याने ती मुळातून समजून घ्यावी अशीच आहे. २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत मोझांबिकमधील तीन सरकारी कंपन्यांनी परदेशी बँकांकडून दोनशे कोटी डॉलरहून अधिक कर्ज उचलले. कारणे सांगण्यात आली ती किनाऱ्यावरील गस्त, ट्यूना माशांची मासेमारी आणि जहाजदुरुस्तीची गोदी अशी. सरकारने या कर्जाला हमी दिली. परंतु त्याचा मोठा भाग संसदेपासून आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपासूनही लपवून ठेवण्यात आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये हे उघडकीस आले. नाणेनिधीने आणि मदत देणाऱ्या देशांनी सरकारी अर्थसंकल्पाला मिळणारे साहाय्य रोखले, मेटिकाल या तेथील चलनाचे मूल्य घसरले, महागाई भडकली आणि जानेवारी २०१७ मध्ये सरकारला रोख्यांवरील व्याजाचा हप्ता चुकवावा लागला. पुढे चौकशा झाल्या. राजधानीतील तुरुंगाच्या आवारात तंबू ठोकून खटला चालला आणि डिसेंबर २०२२ मध्ये माजी राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला बारा वर्षांची शिक्षा झाली. त्या काळचे अर्थमंत्री मॅन्युएल चांग यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२४ मध्ये दोषी ठरविले. कर्ज देणाऱ्यांपैकी क्रेडिट स्विस या बँकेने २०२१ मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांशी तडजोड करून सुमारे साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर भरले.

न्याय झाला, असे येथे म्हणता येईल. पण तो कोणाला मिळाला? ज्या खेड्यातील दवाखान्यात औषध आले नाही, ज्या शाळेवर शिक्षक नेमला गेला नाही, तेथील माणसाने हे कर्ज घेतले नव्हते. त्याला त्याची वार्ताही नव्हती. सोसायटीच्या सचिवाने परस्पर कोणाच्या तरी नावावर कर्ज टाकले आणि बोजा सातबाऱ्यावर चढल्यावर शेतकऱ्याला कळले, अशी प्रकरणे आपल्या सहकारात ऐकावयास मिळतात. मोझांबिकमध्ये एका साऱ्या देशाच्या सातबाऱ्यावर असा बोजा चढला. टेंभुर्णीच्या माणसाला तो देश समजावून सांगावयाचा तर एवढे एक उदाहरण पुरेसे व्हावे.

आता तुरीकडे वळू.

मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी तूर सहसा कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून घेतो. जूनमध्ये पेरलेले हे पीक डिसेंबरअखेरपासून निघू लागते. टेंभुर्णीपासून फार दूर नसलेल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे जे वाण दिले, ते मराठवाड्यात सर्वत्र पोचले आहेत. दुसऱ्या बाजूस, हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने पूर्व आफ्रिकेसाठी वाण तयार केले. म्हणजे दक्षिणेच्याच पठारावरील विद्येचा लाभ दोन्ही शेतकऱ्यांना झाला आहे. मोझांबिकमधील झांबेझिया आणि नांपुला या प्रांतांत एक-दोन हेक्टरांचे धनी ही तूर पेरतात. त्यांच्या रोजच्या जेवणात मका आणि कसावा हे मुख्य. तुरीला तेथे म्हणण्यासारखे गिऱ्हाईक नाही. ते ती पिकवितात ती आपल्या वरणासाठी. पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, काढणी जुलै ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे तो माल आपल्या सणासुदीच्या तोंडावर, आणि आपले पीक बाजारात येण्याच्या दोन-चार महिने आधी येथे उतरतो. शहरी गिऱ्हाइकाला ही वेळ सोयीची, येथल्या उत्पादकाला अडचणीची.

या व्यापाराला सरकारी स्वरूप आले ते २०१६ मध्ये. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे पावसाने दगा दिलेली होती आणि २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. सरकार हवालदिल झाले. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी मापुटोस गेले आणि करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन तूर घ्यावयाची आणि २०२०-२१ पर्यंत ते प्रमाण दोन लाख टनांवर न्यावयाचे. मोझांबिकमध्ये या बातमीचा जो अर्थ घ्यावयाचा तो घेतला गेला. लोकांनी मक्याची जमीन तुरीला दिली.

परंतु त्याच पावसाळ्यात आपल्याकडे पाऊस चांगला झाला. भाव पाहून येथील शेतकऱ्यानेही तुरीचा पेरा वाढविला होता. २०१५-१६ मध्ये पंचवीस-सव्वीस लाख टन असलेले देशाचे तूर उत्पादन २०१६-१७ मध्ये जवळजवळ दुप्पट होऊन ४८ लाख टनांवर गेले. बोनस धरून हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये. कित्येक बाजारांत भाव चार हजारांच्याही खाली आला. २०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या ज्या रांगा लागल्या, त्या कोणी विसरला नसेल. बारदाना नाही म्हणून माप बंद, गोदाम नाही म्हणून माप बंद; माणसे आठ-आठ दिवस पोत्यांवर झोपली. तूर उत्पादकांविषयी त्या काळात जालन्यातच एका ज्येष्ठ पुढाऱ्याच्या तोंडून जे शब्द गेले, ते येथे पुन्हा लिहिण्याच्या योग्यतेचे नाहीत.

त्यानंतर सरकारला जाग आली. ५ ऑगस्ट २०१७ रोजी तुरीच्या आयातीवर बंधन घालण्यात आले आणि वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा ठरली. येथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा उपाय सहा महिने उशिरा आला, कारण त्याने आपली तूर केव्हाच पडत्या भावाने घातली होती. मोझांबिकच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो ऐन काढणीत आला. त्याचे पीक शेतात उभे होते आणि गिऱ्हाईक एका अधिसूचनेसरशी नाहीसे झाले. तेथील भाव असे कोसळले की काढणीची मजुरीही अंगावर यावी. लपविलेल्या कर्जामुळे त्या देशाला परकीय चलनाची सर्वांत अधिक निकड होती, ते हेच वर्ष. एकाच निर्णयाने दोन देशांतील कोरडवाहू शेतकरी नागवावा, आणि दोघांपैकी कोणालाही त्याचा लाभ मिळू नये, असे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

पुढील इतिहास त्याच वळणाचा आहे. येथे भाव चढू लागताच मे २०२१ मध्ये आयात पुन्हा मोकळी झाली. मोझांबिकबरोबरचा दोन लाख टनांचा करार २०२५-२६ पर्यंत वाढविण्यात आला. २०२३ च्या अखेरीस येथे तूर महाग असताना तेथील दोन व्यापारी गटांच्या कोर्टकज्ज्यात नाकाला बंदरातील माल अडकून पडला. २०२४-२५ मध्ये आयात सुमारे बारा लाख टनांवर गेली. त्या हंगामाचा हमीभाव ७,५५० रुपये होता. आदल्या वर्षी दहा हजारांच्या पुढे गेलेली तूर २०२५ च्या आरंभापासून कित्येक बाजारांत या भावाखाली विकली गेली. भाव चढला की दार उघडावयाचे, आणि पडला की ते लावून घेण्यास विलंब करावयाचा. दार उघडले किंवा लागले हे पेरणी झाल्यावरच शेतकऱ्याला कळावयाचे. गेल्या वर्षीच्या भावावर यंदाचा पेरा ठरतो आणि त्यामुळे टंचाई व पूर आळीपाळीने येतात, याला अर्थशास्त्रात कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात. या जाळ्याचे धागे आता टेंभुर्णीपासून नांपुलापर्यंत ताणलेले आहेत.

मोझांबिकला भारताच्या खरेदीचा हा पहिलाच अनुभव नव्हे. १९७० च्या सुमारास तो देश काजूच्या उत्पादनात जगात पहिला होता. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून काजू जसा गोव्यात आणला तसाच तेथेही नेला होता. यादवी संपल्यावर काजू फोडण्याचे कारखाने तेथे पुन्हा उभे राहू लागले, तोच जागतिक बँकेच्या आग्रहावरून कच्च्या काजूवरील निर्यातकर उतरविण्यात आला. बियांना आपल्याकडे गिऱ्हाईक होते. कच्चा माल भारताकडे वळला, तेथील कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार, त्यांत स्त्रियाच बहुसंख्य, घरी बसले. त्या धोरणाने शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळावयाचे होते. ते मधल्या व्यापाऱ्यांतच बव्हंशी मुरले. आपण यात काही पाप केले असे नाही. पण त्या देशाच्या संकटाचा आणि आपल्या बाजाराचा संबंध नाही, असे म्हणण्याची सोय उरत नाही.

संबंध त्याहूनही जुना आहे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चालत असे. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तेव्हा पोर्तुगिजांनी त्याचा राग मोझांबिकमधील भारतीयांवर काढून त्यांना स्थानबद्ध केले आणि हाकलले. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे फ्रेलिमोचे एक प्रमुख विचारवंत. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासमवेत ते विमान अपघातात मरण पावले. २०१९ च्या मार्चमध्ये ‘इदाई’ चक्रीवादळाने बैरा शहर बुडाले, तेव्हा बाहेरून प्रथम मदतीस पोचलेल्यांत भारतीय नौदलाची जहाजे होती.

हे सारे जाणून घेतल्यावर मंडपातील त्या शेतकऱ्याचा प्रश्न सोपा होत नाही, अवघडच होतो. पसायदानात प्रत्येकाला त्याच्या मनातले लाभो, असे मागितलेले आहे. आता टेंभुर्णीच्या शेतकऱ्याच्या मनात आहे की तुरीचा भाव आठ हजारांच्या वर जावा आणि बाहेरून दाणाही येऊ नये. नांपुलाच्या शेतकऱ्याच्या मनात आहे की भारताने आपली सगळी तूर घ्यावी. जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यात राबणाऱ्या मजुराच्या मनात आहे की डाळ स्वस्त व्हावी. ही तिन्ही मागणी एकाच वेळी पुरी करणे कोणत्याही बाजाराला जमावयाचे नाही. इच्छा परस्परांना छेदतात, आणि म्हणूनच अर्थशास्त्र नावाच्या शास्त्राला काम आहे. मग ज्ञानदेवांचे मागणे भाबडे ठरते काय? वस्तुतः तसे नाही. दुर्जनांचा नाश त्यात मागितलेला नाही. त्यांचा दुष्टपणा जावा आणि प्राणिमात्रांत मैत्री व्हावी, असा त्या मागण्याचा क्रम आहे. ज्याला त्याला हवे ते मिळण्याची गोष्ट त्यानंतर येते. कोणाची इच्छा कोणाच्या पोटावर पाय देऊन पुरी होते, हा हिशेब मैत्रीत आधीच मांडला गेलेला असतो. मोझांबिकमध्ये दंगल झाली, बंदर बंद पडले, आता आपली तूर चढेल, अशी भाषा २०२४ च्या त्या अखेरच्या महिन्यांत बाजारात करणे अवघड नव्हते. पसायदान म्हणणाऱ्याला निदान एवढे सुख नाकारलेले आहे.

प्रार्थनेने राष्ट्रे सावरत नसतात, असे म्हणणाऱ्यांना मोझांबिकच्याच इतिहासातील एक प्रकरण आठवून द्यावयास हवे. १९७७ पासून फ्रेलिमो सरकार आणि रेनामो बंडखोर यांच्यात जी यादवी चालली, तीत सुमारे दहा लाख माणसे मेली. सरकार मार्क्सवादी, बंडखोरांना आधी ऱ्होडेशियाच्या आणि मग दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटींचा पाठिंबा. महासत्तांना तडजोडीची घाई नव्हती. ही यादवी थांबविली ती रोममधील सांत एजिदिओ या मंडळाने. आंद्रेआ रिकार्दी या तरुणाने १९६८ मध्ये स्थापन केलेले हे सामान्य कॅथलिक गृहस्थांचे मंडळ. संध्याकाळी एकत्र जमून प्रार्थना करावयाची आणि गरिबांची सेवा करावयाची, एवढाच त्याचा बाणा. त्याच्याजवळ सैन्य नव्हते, पैसा नव्हता, कोणा सरकारचा अधिकारही नव्हता. मोझांबिकमधील उपासमारीत त्यांनी धान्य आणि औषधे पाठविली, बैराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस यांच्याशी त्यांचा स्नेह होता, आणि धर्माविषयी साशंक असलेल्या सरकारशीही त्यांनी बोलणे तोडले नव्हते. जुलै १९९० मध्ये त्यांच्या जुन्या मठाच्या वास्तूत दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी प्रथम समोरासमोर बसले. सव्वादोन वर्षे वाटाघाटी चालल्या. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो आणि बंडखोरांचे नेते अफोन्सो ध्लाकामा यांनी तहावर सह्या केल्या.

ही प्रार्थनेची करामत होती काय, याची चर्चा धर्मपंडितांनी करावी. व्यवहाराच्या दृष्टीने पाहणाऱ्याला त्यात दिसते ते असे की, त्या मंडळींनी एका देशाचे नाव घेतले आणि मग ते सोडले नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांची नावे, त्यांच्या भीती, सैन्य विसर्जित केल्यावर सैनिकाच्या पोटापाण्याचे काय होणार हा प्रश्न, ही तपशिलाची कामे त्यांनी अंगावर घेतली. उत्तरेतील बंड आणि २०२४ ची निवडणूक पाहिली म्हणजे तो तह पुरा टिकला असेही म्हणता येत नाही. तरी ज्या पिढीला त्या तहाने वाढू दिले, तिला त्याची किंमत ठाऊक आहे.

आपल्याच कोरडवाहू भागात दुःखाला तोटा नसता परक्याचे दुःख कशाला वाहावयाचे, हा आक्षेप उरतोच. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या जिल्ह्यात तो कोणी घेतला तर त्याला दूषण देता येणार नाही. परंतु १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून गावोगाव आहेत. त्या वर्षी खडी फोडून मिळालेल्या मजुरीवर रेशनची जी लाल मिलो त्यांनी खाल्ली, ती अमेरिकेच्या शेतात पिकलेली होती. तिच्या चवीची तक्रार त्यांनी आयुष्यभर केली, आणि ती खाऊनच ती जगली. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेप्रमाणे रोजगार हमी योजना उभी केली आणि तिचा कायदा केला. आकाशाकडे पाहून मागितलेले हक्काच्या स्वरूपात जमिनीवर उतरविता येते, हे या राज्याने एकदा करून दाखविले आहे.

तुरीच्या बाबतीत असे काय करता येईल? आयातीचे धोरण तीन-चार वर्षांसाठी एकदाच जाहीर करावे, आणि वर्षाचा आकडा येथील पेरणीपूर्वी, म्हणजे मे महिन्यात सांगावा. तोच आकडा मोझांबिकच्या शेतकऱ्यालाही त्याच्या पेरणीपूर्वी पाच-सहा महिने कळेल. बाहेरचा माल बंदरात हमीभावाहून स्वस्त उतरत असेल तर फरकाएवढे शुल्क आपोआप लागावे. त्यासाठी मंत्र्यांची बैठक आणि अधिसूचना यांची वाट पाहावी लागू नये. करारात जेवढे टन कबूल केले तेवढे येथे पीक कसेही आले तरी घ्यावेत, आणि त्यापलीकडील आयात मोकाट सोडू नये. दोन लाख टनांनी टेंभुर्णीचा भाव पडत नाही, बारा लाख टनांनी पडतो. ग्राहकाला झळ पोचू द्यावयाची नसेल तर सरकारी साठ्यातील डाळ शिधापत्रिकेवर द्यावी. त्याचा भार दोन्हीकडील उत्पादकांवर टाकण्याचे कारण नाही.

२०२५ मध्ये केंद्र सरकारने डाळींच्या स्वयंपूर्णतेचे अभियान हाती घेतले. ११,४४० कोटी रुपयांचे हे अभियान २०३०-३१ पर्यंत चालावयाचे असून, तूर, उडीद व मसूर यांच्या नोंदणीकृत उत्पादकांचा माल चार वर्षे हमीभावाने घेण्याचे आश्वासन त्यात आहे. ते पाळले गेले तर टेंभुर्णीत त्याचे स्वागतच होईल, आणि व्हावयास हवे. पण ज्या देशाला आपण २०१६ मध्ये आमच्यासाठी तूर लावा असे सांगितले, त्याला आता ती केव्हा आणि किती कमी करावी, हेही आपणच वेळेवर सांगावयास हवे. २०१७ प्रमाणे ते त्याला काढणीच्या दिवशी कळता उपयोगी नाही.

सप्ताहांचे दिवस येतात तेव्हा टेंभुर्णीची तूर बाजारात गेलेली असते किंवा भावाची वाट पाहत घरात पडून असते. त्याच सुमारास विषुववृत्ताच्या पलीकडे, नांपुलाच्या लाल मातीत, तूर हिरवी आणि वाढीला लागलेली असते. ती फुलावयाची आहे, शेंगा धरावयाच्या आहेत. ती कापली जाईल त्या महिन्यात दिल्लीहून कोणता कागद निघेल, हे तेथल्या शेतकऱ्याला माहीत नसते, आणि येथल्यालाही नसते.